काकूंचे मिस्टर

लिफ्टमध्ये माणसानं बोलू नये असं माझं जुनं मत आहे. त्याला आधार एवढाच की नोकरीभर मी लिफ्टा तपासत हिंडलो, आणि आत पाऊल टाकलं की माझे कान आपोआप दोरांकडे जातात. त्यात कोणी हवापाण्याच्या गप्पा काढल्या की डोकं फिरतं. आज सकाळी दातांच्या डॉक्टरकडे निघालो होतो. इमारत जुनी, लिफ्ट तिच्याहून जुनी, आणि दुसऱ्या मजल्यापाशी तिला एक उचकी लागत होती. ती कशानं लागते याचा मी मनाशी छडा लावत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "काकूंचे मिस्टर ना तुम्ही?" वळून बघितलं. उंच, किडकिडीत माणूस, कानाच्या पाळीवर पांढऱ्या रंगाचा थेंब वाळलेला. चेहरा काही केल्या आठवेना, पण पाय आठवला. उजव्या मांडीचं हाड, रंगारी, शिडीवरून पडलेला. आमच्या घरी माणसं अशीच लक्षात ठेवायची पद्धत आहे. "काकू कशा आहेत? बऱ्या आहेत ना?" त्यानं विचारलं, आणि मी म्हणालो, "मजेत आहे." म्हणजे तोंड माझंच होतं, शब्दही माझेच असणार. तो खूश झाला. "त्यांच्या कुबड्या राहिल्यात हो माझ्याकडे. पाय धड होईपर्यंत भावाकडे जाऊन राहिलो होतो, परवाच परत आलो. संध्याकाळी पाचला येतो म्हणून सांगा. म्हणावं, चालून दाखवायला येतोय!" दार उघडलं, तो उतरला, आणि त्याच्या मागोमाग मीही उतरलो. डॉक्टर आणखी दोन मजले वर होता. समोर कुठल्याशा विमा कंपनीचं काचेचं दार होतं. आतल्या मुलीनं विचारलं, "काका, कोण हवंय?" "कोणी नको," म्हणालो आणि जिन्यानं खाली आलो. लिफ्ट तपासणारा माणूस भलत्या मजल्यावर उतरला, हे जुन्या ऑफिसात कळलं असतं तर लोकांनी चहाच्या सुट्टीला महिनाभर पुरवून खाल्लं असतं.

बाहेर ऊन छान पडलं होतं. पदपथावर एक माणूस दुकानाची काच पुसत होता, पुसून झाली की तिच्यात स्वतःचे केस नीट करत होता. मी मजेत का म्हणालो? खोटं बोलायची मला सवय नाही. सवय असती तर निदान पुढचं-मागचं बघून बोललो असतो. खरी गोष्ट अशी आहे की हिला जाऊन दोन महिने झाले, आणि 'ती गेली' हे दोन शब्द माझ्या तोंडून अजून एकदाही निघालेले नाहीत. तशी वेळच आली नाही. आमची मुलगी कामाला वाघ आहे, अगदी आईच्या वळणावर गेलेली. दवाखान्यातून आम्ही घरी यायच्या आत तिनं नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, सगळ्यांना कळवून टाकलं होतं. त्यामुळे माझ्याकडे येणारा प्रत्येक जण ते वाक्य आधीच ऐकून आलेला. तो म्हणायचा, "फार वाईट झालं." मी म्हणायचो, "हो ना." तो म्हणायचा, "देवमाणूस होत्या." मी म्हणायचो, "हं." दोन महिने मी 'हो ना' आणि 'हं' यांच्यावर निभावून नेले. आता पाच वाजता दारात असा माणूस उभा राहणार ज्याला काही म्हणता काही माहीत नाही, आणि त्याला सांगायला घरात माझ्याखेरीज दुसरं कोणी नाही. मुलीला फोन करावा आणि म्हणावं, अर्ध्या तासासाठी येऊन जा, एक वाक्य बोल आणि परत जा, असंही मनात येऊन गेलं. इतका मी शूर.

आणि देवमाणूस वगैरे ती काही नव्हती. देवाला घरच्या माणसांची इतकी गैरसोय करून चाललं नसतं. या सगळ्याची सुरुवात माझ्या आईपासून झाली. आई मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून एक वॉकर आणला. सासू-सुनेचं तोपर्यंत विशेष सख्य नव्हतं. दोघींच्या मध्ये माझं पार भरीत व्हायचं. पण त्या वॉकरपायी दोघींना रोज सकाळ-संध्याकाळ पॅसेजमध्ये समोरासमोर उभं राहावं लागायचं. एक पुढे येतेय, दुसरी तोंड तिच्याकडेच ठेवून मागे मागे सरकतेय, आणि "टाच आधी, सासूबाई, टाच आधी," असा जप चाललाय. आई चिडायची, "तुला चालायला मी शिकवणार की मला तू?" ज्या दिवशी आई काही न धरता दारापर्यंत जाऊन आली, त्या दिवशी दोघींनी मिळून माझ्या चालण्याची नक्कल केली आणि पोट धरधरून हसल्या. तिथून जी युती झाली ती आई असेपर्यंत फुटली नाही. मला ऑफिसातून आल्यावर दोन दोन आवाजांत बोलणी बसायची. वॉकर मग कोपऱ्यात उभा राहिला. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तो नवऱ्यासाठी मागून नेला, आणि परत करताना सोबत एक काठी आणून दिली. "पडूनच होती हो आमच्याकडे. होईल कोणाला तरी." वॉकरला पिल्लं व्हायला लागली ती अशी. बघता बघता मागची खोली भरली. कुबड्या, काठ्या, चाकांच्या खुर्च्या, कमोडची खुर्ची, पलंगावर बसून जेवायचं टेबल, पाण्याची गादी. लोक हिला काठीवाल्या काकू म्हणायला लागले आणि मला काकूंचे मिस्टर. माझ्या सहीशिवाय अर्ध्या शहरात लिफ्ट हलत नव्हती, पण सांगता कोणाला!

हिनं कधी काही लिहून ठेवलं नाही, कोणाला नाही म्हटलं नाही, पण एक नियम होता आणि तो वज्रासारखा होता. बरं झालेल्या माणसानं वस्तू स्वतः, चालत येऊन परत करायची. दुसऱ्याच्या हाती पाठवलेली चालणार नाही. एका नामांकित वकिलांनी ड्रायव्हरबरोबर कुबड्या पाठवल्या तेव्हा हिनं ड्रायव्हरला बसवून चहा पाजला, खायला दिलं, मुलाबाळांची चौकशी केली आणि कुबड्या पुन्हा त्याच्या हातात ठेवल्या. "साहेबांना विचारा, पाय त्यांचा मोडला होता की तुमचा?" दुसऱ्या दिवशी वकील स्वतः आले, जिना चढून, घामाघूम. मग आमच्या पॅसेजमध्ये त्यांना इकडून तिकडे चालायला लावलं. ही टोकाला स्टुलावर बसायची आणि माणसाच्या तोंडाकडे अजिबात न बघता फक्त पायांकडे बघायची. "डाव्यावर भार टाकायला भिताय तुम्ही. त्याच्यावरचा राग गेला नाही अजून. त्याची काय चूक? जिन्यावर तेल कोणी सांडलं होतं?" वकील म्हणाले, "माझ्याच बायकोनं." "मग पायाला कशाला शिक्षा?" वकील इतके हसले की भिंत धरावी लागली. तेव्हा ही म्हणाली, "आता बघा, हसताना दोन्ही पायांवर उभे होतात." असली वकिली वकिलांनाही येत नसावी. जे बरे होत नसत त्यांच्या घरची माणसं वस्तू परत आणायची. ती दारातल्या दारात घेणं हिला मान्य नव्हतं. आत बसवायची. ते चहा लांबायचे. मी आतल्या खोलीत पेपर धरून बसलेला असायचो, पान उलटायचा आवाज होऊ नये म्हणून तीच बातमी पुन्हा पुन्हा वाचत. ही फारसं बोलायची नाही. एकदा मी विचारलं, "इतका वेळ समजावतेस तरी काय त्यांना?" तर म्हणाली, "समजावतेय कुठं? इतके दिवस घरात खुर्ची होती, त्या खुर्चीत माणूस होतं. ती इथं ठेवून रिकाम्या हातानं घरी जायचं म्हणजे वेळ लागतो हो." मला तेव्हा ते नीट समजलं नव्हतं. समजलं नाही की मी मान डोलावतो, तशी डोलावली.

घरचं म्हणाल तर आमची मुलगी त्या पहिल्या वॉकरला धरूनच उभी राहायला शिकली. गणितं तिनं पलंगाच्या टेबलावर केली, आणि शाळेत एकदा 'माझे घर' या निबंधात "आमच्या घरात सहा चाके आहेत" असं लिहून आली. बाईंनी मला बोलावून विचारलं, तुम्ही गॅरेज चालवता का? आणि जावई! पहिल्यांदा घरी आला तेव्हा धड खुर्च्या कमी पडल्या म्हणून हिनं कमोडच्या खुर्चीवर झकास उशी टाकली आणि त्यावर मुलाला बसवलं. दोन तास तो बिचारा ऐटीत बसून स्वतःच्या नोकरीची माहिती देत होता. उठताना उशी सरकली. त्यानं खाली वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी लिफ्ट तपासताना चेहरा जसा ठेवतो तसा ठेवला. आता त्याच्या डोक्यावरचे केस मागे हटलेत, तरी आमच्याकडे आला की बसण्याआधी खुर्ची एकदा हातानं चाचपून घेतो. ही शेवटपर्यंत त्याला म्हणायची, "बसा हो, आज साधीच आहे."

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट मात्र मी बरीच वर्षं हसून सांगू शकत नव्हतो. दवाखान्यातून घरी सोडायचा दिवस. मी आमच्या इमारतीच्या जिन्यापाशी उभा, एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला टॅक्सीवाला. म्हटलं, आता माझा वॉकर आणा. आख्ख्या गावाला पुरवणाऱ्या घरचा मी, मला काय कमी! तर ही म्हणाली, "सकाळीच गेला हो. एक म्हातारे गृहस्थ आले होते." "दुसरा?" "तो काल गेला." "कुबड्या?" "लहान मापाच्या आहेत. मुलांच्या." सोनाराच्या बायकोचे कान मोकळे म्हणतात ते काही उगाच नाही. मी भर जिन्यात ओरडलो. म्हटलं, मी आज येणार हे माहीत असताना दिलास? तर ही शांतपणे म्हणाली, "तुम्हाला धरायला मी आहे. त्यांना कोणी नव्हतं." आणि माझ्यासमोर पाठ करून उभी राहिली. माझे दोन्ही हात स्वतःच्या खांद्यांवर ठेवून घेतले आणि चालायला लागली. पुढचे कित्येक दिवस आम्ही तसेच हिंडलो, लहान मुलं आगगाडी आगगाडी खेळतात तसे. पलंगापासून मोरीपर्यंत, मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत. वाटेत फोन वाजला तर इंजिन फोनकडे वळायचं आणि डब्याला मुकाट्यानं जावं लागायचं. शेजारच्या मुलीनं एकदा उघड्या दारातून बघितलं आणि ती शिट्टी वाजवून गेली. मी रागावलेला होतो, पण तिच्या खांद्यांची ऊब हातांना कळत होती, आणि तिच्या मानेवर मोकळे सुटलेले दोन-चार पांढरे केस अगदी नाकासमोर होते. लग्नाला इतकी वर्षं होऊन बायकोची मान मी पहिल्यांदा त्या गुडघ्यापायी नीट बघितली. आज रस्त्यानं घरी येताना हातांना तेच आठवत होतं, आणि पदपथावर मला थांबावं लागलं. मला ती हवी आहे. दुसरं काही म्हणणं नाही माझं.

घरी आलो. मागच्या खोलीचं दार दोन महिने बंदच आहे. मुलगी म्हणते, "बाबा, एखाद्या संस्थेला देऊन टाका सगळं, मी टेम्पो बोलावते." मी म्हणतो, बघू. फोनही येतात, तेही मुलीनं तिच्याकडे वळवून घेतले होते; मागच्या आठवड्यात ती सोय काढून टाकली आणि म्हणाली, आता तुमचे तुम्ही घ्या. तेव्हापासून मी फोन वाजला की मोरीत जाऊन तोंड धुतो. दुपारभर मी वाक्यं जुळवली. 'तुम्हाला एक सांगायचं होतं' हे वाक्य विमा एजंटाचं झालं. 'ती आता आपल्यात नाही' हे भाषणातलं. आपल्यात नाही तर मग कोणाच्यात आहे, असं हिनंच विचारलं असतं. 'ती गेली', तर कुठं गेली? बाजारात? आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं. ओठ बरोबर हलले, आवाज मात्र आला नाही. तेवढ्यात दाढी वाढलेली दिसली, म्हणून ती करून टाकली. लिफ्टच्या ब्रेकची परीक्षा घेताना आम्ही एक गोष्ट करायचो. ब्रेक धरतो की नाही हे बघायला लिफ्ट आधी मुद्दाम सोडावी लागते. एक क्षण सगळं खाली जातं, आणि मग खटकन अडकते. मी शेकडो वेळा बिनघोर सोडली असेल. पण ते वाक्य सोडलं आणि खाली काही अडकलंच नाही तर? न बोललेलं असेपर्यंत ही निदान माझ्या बोलण्यात तरी जिवंत होती, वर्तमानकाळात होती. सकाळी लिफ्टमध्ये तर मजेतही होती. चार वाजता मी पॅसेज पुसून काढला. का ते विचारू नका. ओल्या फरशीवर कोणी घसरू नये म्हणून मग कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसला.

रंगारी वेळेच्या आधीच आला. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला, कुबड्या खांद्यावर अशा टाकलेल्या की जणू शिकार करून आणल्यात. "काकू कुठायत?" त्यानं आत डोकावत विचारलं. "बसा, पाणी आणतो," मी म्हणालो आणि स्वयंपाकघरात जाऊन पाण्याच्या भांड्याकडे बघत उभा राहिलो. पाणी आणून दिलं. तो बसला नव्हता. "बसलो की गुडघा आखडतो. आधी एकदा तुम्हीच बघा, काकू आल्या की त्यांच्यासमोर पुन्हा चालेन. त्यांच्यापुढं चुकायला नको, लई बोलतात." आणि तो पॅसेजच्या त्या टोकाला जाऊन उभाही राहिला. इकडच्या टोकाला स्टूल होतं. माणूस समोर चालून दाखवायला उभा आहे म्हटल्यावर बसणं भाग होतं. मी बसलो. मला काय कळतंय पायातलं? पण तो निघाला तसे माझे कान उघडले. डावा पाय, उजवा पाय, डावा, आणि उजव्याला किंचित उशीर. अगदी किंचित. "थांबा," मी म्हणालो, "उजवा उशिरा येतोय. आवाजात कळतंय. तो टेकायच्या आधी तुम्ही श्वास धरताय. सोडा श्वास, आणि चाला." तो पुन्हा निघाला, पॅसेजच्या मध्यापर्यंत आला, आणि फोन वाजला. मोरी त्याच्या पलीकडे होती. फोन माझ्या हाताशी. नाइलाजानं उचलला.

"काठीवाल्या काकूंचंच घर ना?" एका बाईचा आवाज, धावत आल्यासारखा. "माझ्या आईला दवाखान्यातून आत्ता घरी आणलंय हो, खालीच बसवलंय, वर कशी नेऊ कळत नाही. कोणी तरी हा नंबर दिला. काकूंना द्या ना जरा."

"काकू गेल्या," मी म्हणालो. "दोन महिने झाले. मी त्यांचा नवरा बोलतोय. तुमच्या इमारतीला लिफ्ट आहे का?"

ती म्हणाली, "अरेरे. मला माहीत नव्हतं हो. आहे, लिफ्ट आहे, छोटी आहे. पण मग आता... ते सामान द्यायचं बंद झालं असेल ना?"

"बंद कशाला होईल? मी देतो. छोटीत मावेल अशी घडीची खुर्ची आहे, बघतो. आईंना जरा सावलीत बसवा, पाणी पाजा. आणि तुम्ही स्वतः या, पण लगेच नको. थोडं थांबून निघा, इथं एक गृहस्थ चालताहेत."

फोन ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी स्टुलावर होतो. पडलो नव्हतो. पॅसेजच्या मधोमध रंगारी एक तळवा भिंतीला टेकून उभा होता.

"सकाळी तर तुम्ही म्हणालात, मजेत आहे."

"हो," मी म्हणालो. "सकाळपर्यंत होती."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. मीही पुसलं. मग भिंतीवरचा हात काढायला सांगितला आणि म्हटलं, चला, अर्धा पॅसेज राहिलाय अजून.